शब्दाचा शेजारी

बाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. राहून गेलं असं तो मनाशी म्हणायचा खरा, पण राहून जातं ते दाराला तेल घालायचं, घड्याळाला चावी द्यायची. हे उत्तर रोज सकाळी त्याच्यासमोर बसायचं आणि तो रोज सकाळी त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचा. पत्र गेल्या हिवाळ्यात आलं होतं. आता खिडकीत सकाळपासून ऊन तापायला लागलं होतं आणि टेबलावरचा कागद उन्हाच्या बाजूने किंचित पिवळा पडला होता. त्याने तो कधी पुस्तकाखाली सरकवला नाही, कधी खणात टाकला नाही. एवढा मात्र प्रामाणिकपणा त्याच्यात होता. चुकलेल्या माणसाने निदान चुकीच्या समोर बसावं, असं त्याला वाटायचं. मात्र असं रोज समोर बसून काय होतं, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

पत्र कोशकचेरीतल्या मोठ्या बाईंचं होतं. मुख्य संपादक म्हणून त्या त्याच्या वरिष्ठ, वयाने आठ-दहा वर्षांनी मोठ्या, आणि कचेरी बंद झाल्यापासून त्यांची भेट नव्हती. अक्षर त्यांचंच होतं, टोकदार, उजवीकडे झुकलेलं, पण ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. एका ओळीचे काने दुसऱ्या ओळीच्या पोटात शिरले होते. मजकूर थोडा होता. कोशाची नवी आवृत्ती निघते आहे, तरुण मंडळी काम करताहेत आणि अडलं की म्हातारीला विचारतात. हल्ली माणसं मुद्दाम, ठरवून, एकत्र बसून कल्पना काढतात. त्याला 'आयडिएट' हा जो परका शब्द चालतो तो चालू दे, माझी हरकत नाही, पाहुणा म्हणून आला आणि घरचा झाला असे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण त्याच्या शेजारी आपला एखादा बसवता आला तर पाहावं. 'सुचणे' तुमचं होतं, म्हणून तुम्हाला विचारते. मला घाई नाही, पण माझे डोळे घाई करताहेत. पुढे कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. तेव्हा लवकर लिहा आणि मोठ्या अक्षरात लिहा.

'तुमचं होतं.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याचे कान तापले होते. शब्द कुणाचा असतो का? तरी कचेरीत तसं म्हणायची रीत होती. हा शब्द तुमचा, तो त्यांचा. ज्याने ज्या शब्दाची नोंद केली, तो शब्द छापून होईपर्यंत त्याच्या गळ्यात. आणि बाईंनी इतक्या वर्षांनंतर लक्षात ठेवलं होतं की 'सुचणे' त्याचं. त्याला वाटलं होतं, उद्याच उत्तर द्यावं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोरा कागद घेऊन बसला आणि त्याला काही सुचलं नाही. गंमतच होती. सुचण्याबद्दल विचारलं आणि सुचेना. हे कुणाला सांगितलं असतं तर हसू आलं असतं, पण सांगायला घरात फक्त सून. मुलगा नोकरीसाठी दूर, महिन्यातून एकदा यायचा. आणि सुनेला सांगायचं तर तिने विचारलं असतं, मग काय झालं, काहीही लिहा. काहीही लिहिणं त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

शब्द येत नव्हते असं नाही. यायचे, पण उंबऱ्यावरूनच परत जायचे. 'डोकं लढवणे' आला, तर त्याच्या मागोमाग एक ओळखीचा आवाज यायचा: लढवणे? कुणाशी? 'शक्कल काढणे' आला, तर तोच आवाज: त्यात लबाडीचा वास आहे. 'कल्पणे' तर जुनाच शब्द, पण तो एकट्याने खिडकीत बसून करायचा, चारचौघांत नाही. आणि तो आवाज कुणाचा, हेही त्याला ठाऊक होतं. कचेरीत त्याच्या समोरच्या टेबलावर बसणारा एक सहकारी होता, त्याला सगळे हरकतराव म्हणत. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे त्याची शिसपेन्सिलीतली एक हरकत असायचीच. माणूस वाईट नव्हता. हरकत घेतल्यावर स्वतःच्या डब्यातलं अर्धं पुढ्यात सरकवायचा. तो केव्हाच वारला होता. पण मेलेला माणूस हरकती घ्यायचं थांबवत नाही. उलट त्याला आता दुसरा उद्योग नसतो.

एका सकाळी सुनेचा फोन आला. "बाबा, माझं दाराचं कार्ड टेबलावर राहिलंय का बघा ना. पिवळी दोरी आहे त्याला." राहिलं होतं. बाईंच्या पत्रावरच पडलं होतं. "मी कुणाच्या तरी मागून आत शिरले चोरासारखी. पण बाहेर पडले की अडकले. तुम्हाला त्रास नसेल तर—" त्रास कसला? ती सांगायची आणि तो करायचा, यात त्याला बरं वाटायचं. बायको गेल्यापासून त्याला असं हक्काने काही आणायला सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याने इस्त्रीचा सदरा घातला, कार्ड खिशात ठेवलं, पुन्हा काढून बघितलं, पुन्हा ठेवलं. सुनेची कचेरी तीन थांब्यांवर. त्या लोकांचा धंदा खुर्च्या, बाकं, टेबलं यांची आखणी करायचा. घरातल्या नव्हे, इस्पितळं, बँका, कोर्टं अशा ठिकाणच्या, जिथे माणूस स्वतःच्या मर्जीने बसत नाही.

ती खाली घ्यायला आली. कार्ड घेतलं, गळ्यात घातलं, आणि तो वळायच्या आत म्हणाली, "आता आलाच आहात तर वर चला. चहा प्या. पाच मिनिटं."

"नको गं. तुमचं काम चाललेलं असेल."

"काम कसलं, आयडिएट करतोय. चला."

तो शब्द त्याने ऐकला आणि रस्त्यात सावकार दिसल्यावर वळवावी तशी नजर वळवली. हाच तो पाहुणा. तो आजवर त्याला कागदावर भेटला होता, आज चालत्याबोलत्या तोंडून निघाला होता आणि इतक्या सहज निघाला होता, की सुनेला आपण परकं काही बोललो याचा पत्ताही नव्हता. लिफ्टमध्ये त्याने भीत भीत विचारलं, "म्हणजे नक्की काय करता?"

"नक्की काही नाही करत, तीच तर मजा आहे." तिने केस बांधत आरशात बघितलं. "बसतो सगळे. विषय देतात. जे डोक्यात येईल ते चिठ्ठीवर लिहायचं आणि भिंतीला लावायचं. आमच्यात एक जण आहे, त्याला डुलकी लागली तरी म्हणतो आयडिएट करत होतो. दुसरा सिगारेट ओढायला जातो, तोही हेच करायला जातो. शब्द सोयीचा आहे, बाबा. नुसतं बसलो होतो म्हटलं तर साहेब ओरडतो."

चिठ्ठी. हा शब्द त्याने मनात परत एकदा म्हणून बघितला. त्याचं सगळं आयुष्य चिठ्ठ्यांत गेलं होतं. तळहाताएवढ्या, जाड, बदामी रंगाच्या चिठ्ठ्या, वर डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली अर्थ, त्याखाली कुठे कसा वापरला त्याची वाक्यं. लाकडी खोक्यांत उभ्या, कपाटांत खोकी, भिंतीला कपाटं. इथे मात्र काचेच्या भिंतीला गुलाबी, पिवळ्या, निळ्या चिठ्ठ्या वेड्यावाकड्या चिकटल्या होत्या आणि दहाबारा माणसं एका लांब टेबलाभोवती बसली होती. तीन उभी होती. ती का उभी आहेत हे त्याला कळेना. पंख्याच्या वाऱ्याने चिठ्ठ्यांची खालची टोकं फडफडत होती. टेबलाच्या टोकाला एक बाई, तिच्या पुढ्यात दुकानाच्या गल्ल्यावर असते तसली पितळी घंटी.

"हे माझे सासरे," सून म्हणाली. "कोश करायचे. शब्दांचा."

"अरे वा, मग यांना 'पण'चा अर्थ विचारा," उभ्या असलेल्यांपैकी एक म्हणाला. "त्यापायी मी दहा मिनिटं उभा आहे."

घंटीवाली बाई हसली. "आजोबा, आमच्याकडे नियम आहे. पहिल्या फेरीत कुणी कुणाला हसायचं नाही आणि 'पण' म्हणायचं नाही. म्हणाला तो उभा राहील, फेरी संपेपर्यंत."

"आणि विषय काय, तर खुर्ची," तो उभा माणूस म्हणाला. "पायांना गोळे आले, पण—"

सगळे ओरडले. घंटी वाजली. "आता पुढची फेरीही उभाच," घंटीवाली म्हणाली, आणि तिने एक रिकामी खुर्ची त्याच्याकडे, म्हणजे म्हाताऱ्याकडे सरकवली. "बसा ना. विषय आहे वाट बघणाऱ्याची खुर्ची. इस्पितळातली. तुम्हाला वाट बघायचा अनुभव आमच्यापेक्षा जास्त असणार." तिने पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि एक जाड टोकाचं काळं पेन पुढ्यात ठेवलं, आणि त्याला नाही म्हणायला वेळ मिळायच्या आत घंटी वाजली.

सगळे माना खाली घालून लिहायला लागले. खोली गप्प झाली आणि ती गप्प झाल्याबरोबर त्याला ओळखीची वाटली. कचेरीतही दर बुधवारी अशीच बैठक असायची. लांब टेबल, मध्ये चिठ्ठ्यांचं खोकं, बाई एकेक नोंद मोठ्याने वाचायच्या. आणि तिथेही एक नियम होता, पण उलटा: ज्याची नोंद, त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी वाटेल ते बोलावं, चिरफाड करावी, त्याने फक्त ऐकायचं. कारण कोश विकत घेणाऱ्याच्या घरी समजावून सांगायला आपण जाणार नाही, असं बाई म्हणायच्या. नवी माणसं या नियमाला कंटाळून नोकरी सोडून जायची. तो मात्र या नियमामुळेच टिकला. शाळेत, लग्नात, शेजाऱ्यांत, सगळीकडे त्याचं गप्प बसणं खटकायचं. जगात तेवढी एकच जागा होती जिथे त्याचं गप्प बसणं हा नियम होता.

आणि त्याच टेबलावर एका बुधवारी 'सुचणे' वाचलं गेलं. त्याने लिहिलं होतं: विचार, उपाय, कल्पना अचानक मनात येणे. हरकतराव लगेच पुढे झाला. "अचानक का? बायकोला काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना सुचतं. अचानक कुठलं!" कुणीतरी म्हणालं, "अचानकच, फक्त उशिरा." हशा झाला. दुसरं कुणी म्हणालं, मनात येणे आणि सुचणे यांत फरक काय मग? तिसऱ्याने आणखी काही. तो नियमाप्रमाणे टेबलाच्या कडेकडे बघत बसला होता. एवढ्यात बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आज नियम बाजूला ठेवू. तुम्ही सांगा." खोलीतल्या सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. हरकतराव खाकरला, काहीतरी बोलायला गेला, बाईंनी त्याच्याकडे न बघता हात वर केला. आणि त्या थांबल्या. चहा आला तो निवला. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होता, त्याचा आवाज आला आणि थांबला. बाई घड्याळाकडे बघत नव्हत्या, त्याच्याकडेही रोखून बघत नव्हत्या. खिडकीबाहेर बघत होत्या, जसं काही तो बोलला काय आणि न बोलला काय, दुपार छानच आहे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तो म्हणाला, आणि आपण बोलतोय हे त्याला आपलाच आवाज ऐकून कळलं, "अचानक काढून टाकावं. आधी बराच वेळ काही येत नसतं. तो वेळही त्याच्यातच धरायला हवा." बाईंनी मान डोलावली नाही, शाबासकी दिली नाही. त्यांनी चिठ्ठीवरच्या 'अचानक'वर एक रेघ मारली, समासात 'होय' लिहिलं आणि पुढची नोंद वाचायला घेतली.

त्या एका 'होय'वर तो किती वर्षं जगला, हे बाईंना ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्याने कधी सांगितलंच नव्हतं.

आजूबाजूला चिठ्ठ्या फाडल्याचे चर्र चर्र आवाज होत होते. सुनेने तोवर चारपाच लिहिल्या होत्या. त्याची कोरी होती. वाट बघणाऱ्याची खुर्ची. त्याला बायकोच्या शेवटच्या दिवसांतलं इस्पितळ आठवलं. तिथे पाच खुर्च्या एका लोखंडी दांडीवर पक्क्या बसवलेल्या होत्या. टोकाचा माणूस उठला की सगळी रांग हलायची, कुणी बसलं की पुन्हा हलायची. आत नेण्याआधी ती शेजारीच बसली होती आणि वैतागली होती: "कोण मेला पाय हलवतोय, बघा हो." मग तिचं नाव पुकारलं. ती आत गेली आणि तिची खुर्ची मोकळी झाली. त्याने त्या खुर्चीवर हात ठेवला, कुणी बसू नये म्हणून. दुपारभर ती खुर्ची हाताखाली थरथरत होती. कुणी उठलं, थरथरली. कुणी बसलं, थरथरली. अनोळखी माणसं, कुणाचा बाप आत, कुणाचं मूल. ते हलत होते आणि त्याच्या हाताला कळत होतं. तो कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. तरी एकटा नव्हता.

त्याने लिहिलं: खुर्च्या एका दांडीवर असाव्यात. शेजारचा हलला की आपणही हलावं. जाड पेनाने अक्षर मोठं, बोजड आलं. घंटी वाजायच्या आत त्याने उठून ती काचेवर लावली आणि परत येऊन बसला. एवढ्या लोकांसमोर, कुणीही न विचारता, न तपासता, त्याने काहीतरी लिहून भिंतीला लावलं होतं. ते काढून घ्यावं असं वाटलं. पण सगळे आपापल्या चिठ्ठ्या लावायला उठले आणि काच भरून गेली. कुणी लिहिलं होतं, खुर्चीला चाकं. कुणी, पाठीमागे रडायला आडोसा. कुणी लिहिलं होतं, खुर्चीच नको, झाड असावं. कुणी हसलं नाही.

मग चहा आला, आणि दुसरी फेरी, निवडायची. आता 'पण' म्हणायला परवानगी होती आणि सगळे उपाशासारखे त्या शब्दावर तुटून पडले. घंटीवाली एकेक चिठ्ठी वाचत होती. त्याची आली. "एका दांडीवर. हे कुणाचं?" तो बोलला नाही. सुनेने त्याच्याकडे बघितलं; तिने अक्षर ओळखलं होतं आणि तीही बोलली नाही. "छान लिहिलंय. पण हेच तर आपल्याला घालवायचंय ना? सगळ्यात जास्त तक्रारी दांडी हलते याच्याच आहेत." दोघांनी माना डोलावल्या. तिने चिठ्ठी काढली आणि टेबलावरच्या पत्र्याच्या ताटात टाकली, जिथे चाकं होती, झाड होतं.

तो वाट बघत बसला. आता ते येईल. नोंद परत आली की बरगड्यांखाली ज्या जागी यायचं, त्याच जागी. लहानपणी फळ्यावर चुकलेलं गणित मास्तरांनी पुसलं तेव्हाही तिथेच आलं होतं. त्या दुखण्याची आणि त्याची साठ-सत्तर वर्षांची ओळख. ते आलं नाही. त्याने ताटाकडे बघितलं. त्याची पिवळी चिठ्ठी गुलाबी झाडावर आडवी पडली होती आणि झाड लिहिणारी मुलगी मजेत चहा पीत होती. एवढंच. घर मोडलं नाही, छप्पर पडलं नाही. चूक ठरलं आणि बाजूला ठेवलं, जेवणात पानाच्या कडेला ठेवावं तसं. आणि जे त्याच्या हाताला त्या दुपारी कळलं होतं, ते कुणी काढून घेतलं नव्हतं. ते ताटाबाहेर, त्याच्यापाशीच होतं. त्याला हसू यायला लागलं आणि ते लपवायला त्याने कप तोंडाशी नेला. कप रिकामा होता.

सून त्याला खाली सोडायला आली. दारापाशी थांबून म्हणाली, "वाईट वाटलं का, बाबा?"

"नाही गं. तेच बघतोय. का नाही वाटलं."

"दिवसाला चाळीसेक काढतो आम्ही. एकोणचाळीस टाकाऊ. पण त्या काढल्याशिवाय चाळिसावी येत नाही. पहिल्या दिवशी मीपण बाथरूममध्ये जाऊन रडले होते." तिने त्याच्या सदऱ्याची दुमडलेली कॉलर सरळ केली. "ती दांडी, आईंच्या वेळची ना?"

त्याने मान डोलावली. आणि मग, कोण जाणे का, त्याने तिला पत्राचं सांगितलं. दारातच, येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट देत, तुटक तुटक. बाईंनी काय विचारलं, केव्हा विचारलं.

"टेबलावरचं ते? मला वाटलं जपून ठेवलंय. रोज तिथेच तर असतं." तिने त्याच्याकडे बघितलं. "केव्हाचं म्हणालात? हिवाळा? अहो बाबा, आता आंघोळीला पाणी तापवायचं बंद केलं आपण!"

"योग्य शब्द सापडेना."

"परीक्षेचा पेपर आहे का तो? पत्र आहे ना? आणि डोळ्यांचं काय म्हणाल्यात त्या?"

हाच तो प्रश्न, ज्याच्या आजूबाजूने तो इतके महिने चालत होता. बाईंचे डोळे घाई करत होते आणि तो शब्द निवडत बसला होता. कदाचित डोळे गेलेही असतील. मग त्याचं पत्र कुणीतरी परक्या माणसाने मोठ्याने वाचायचं, आणि बाईंनी ऐकायचं, आणि त्या परक्याने मध्येच थांबून म्हणायचं, हे काय लिहिलंय या गृहस्थांनी? खरं सांगायचं तर उशीर झाला तसा त्याला उत्तर पाठवण्याचा हा एक नवा भयंकर धाक वाटायला लागला होता. त्या धाकापायी आणखी उशीर झाला होता.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"मग घरी जाऊन लिहा. चाळीस लिहा. जेवण झाकून ठेवलंय, ते आधी खा." ती वळली, दोन पावलं गेली, परत आली. तिने खिशातून ते जाड काळं पेन काढून त्याच्या हातात दिलं. "कचेरीचं आहे. बोलू नका."

घरी येऊन तो जेवला, कारण सांगितलं होतं. मग टेबलाशी बसला. कोरे कागद घेतले, मोठे. एका कागदावर एकच शब्द लिहायचा असं त्याने ठरवलं. मोठ्या अक्षरात लिहा असं बाईंनी म्हटलं होतं, तर हे घ्या, असं मोठं की खोलीच्या त्या टोकाहून दिसावं. पहिला शब्द लिहिला: डोकं लढवणे. लगेच तो आवाज आला, पण, लढवणे म्हणजे— आणि त्याने, आयुष्यात पहिल्यांदा, त्या आवाजाला सांगितलं, पण म्हणालास, आता उभा राहा. डोळ्यांसमोर हरकतराव खुर्ची मागे सरकवून, डबा हातात धरून, बावळटासारखा उभा राहिला. त्याला मोठ्याने हसू आलं. रिकाम्या घरात ते हसू त्यालाच नवं वाटलं. मग शब्द यायला लागले. ते एकटे येत नव्हते. एक आला की त्याच्या हिसक्याने शेजारचा उठायचा. शक्कल लढवणे. कल्पना काढणे. कल्पना पाडणे, हे तर भलतंच, तरी लिहिलं. सुचवून घेणे. मन चाळवणे, छे, पण लिहिलं. डोकं मोकळं सोडणे. चाचपणे. अंधारात दिवा शोधताना भिंतीवरून हात फिरवतो तसं, हातात काय येईल ते ठाऊक नसताना फिरवतो तसं. हा लिहिला आणि तो थोडा थांबला. मग पुढचा. पेनाचा वास खोलीभर झाला. एका कागदावर त्याने चक्क 'झाड असावं' लिहिलं, मग स्वतःशीच चुकचुकून तो बाजूला ठेवला. मग परत गठ्ठ्यात घातला.

शेवटी पत्र लिहायचं राहिलं. तेही त्याच पेनाने, एका पानावर पाचसहा ओळींहून जास्त मावत नव्हतं. आदरणीय बाईंना सा. न. उशीर झाला, कारण बरोबर शब्द शोधत होतो. सापडला नाही. म्हणून जे सुचले ते सगळे पाठवतो, बहुतेक टाकाऊ आहेत, टाकावेत. मंडळी हसली तर हसू द्यावं. वाचता येत नसेल तर ज्याच्याकडून वाचून घ्याल त्याला सांगा, सावकाश आणि मोठ्याने वाच, माझी काही हरकत नाही. इथे पान संपलं. त्याने दुसरं घेतलं. त्यावर काय लिहायचं ते त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं, आणि त्यासाठी कोणताही शब्द शोधायचा नव्हता. एका बुधवारी तुम्ही सगळ्यांना थांबवून माझ्यासाठी थांबलात. माझा चहा निवला, तुमचाही निवला. त्यानंतर मी जे काही बोललो, बायकोशी, मुलाशी, थोडंफार जगाशी, ते तुम्ही थांबला होतात म्हणून बोलू शकलो. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही. मी तुमचा फार ऋणी आहे.

वाचून बघितलं तर खोडलं गेलं असतं. म्हणून वाचलं नाही. घडी घातली, गठ्ठ्यावर ठेवलं, मोठ्या पाकिटात घातलं आणि बाईंच्या पत्रावरून पत्ता उतरवला, तोही तितक्याच मोठ्या अक्षरात.

पोस्टात गर्दी नव्हती, पण रांग होती. पाकीट पेटीच्या तोंडात मावणारं नव्हतं, त्यामुळे खिडकीशी जाऊन बोलणं भाग होतं. एरवी तो अशा खिडकीपाशी आपलं वाक्य मनात चारदा घोकून जायचा. आज पाकिटाचं ओझंच एवढं होतं की घोकायचं राहिलं. खिडकीमागच्या माणसाने पाकीट तोललं, मग अक्षराकडे बघून भुवया वर केल्या. "एवढं मोठं? रस्त्यावरून वाचता येईल."

"यायलाच हवं," तो म्हणाला.

"आत काय? कागदच ना?"

"कागदच."

"साधं पाठवू की लवकरचं?"

"जे सगळ्यात लवकर जाईल ते."

"पोचपावती हवी? कुणी घेतलं, त्याची सही येते परत."

सही. तो विचारात पडला. सही आली तर कळेल, बाईंची की दुसऱ्या कुणाची, सरळ की ओळीवर ओळ चढलेली. मागच्या माणसाने पाय बदलला. म्हाताऱ्याने खिडकीच्या कडेवर ठेवलेला हात उचलला.

"नको," तो म्हणाला. "पोचू दे नुसतं."

खिडकीमागच्या माणसाने दोन शिक्के मारले, तिकिटावर एक आणि कोपऱ्यात एक, आणि न बघता पाकीट पाठीमागच्या पोत्यात टाकलं.

"झालं ना, आजोबा?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"झालं," तो म्हणाला, आणि बाजूला होऊन त्याने पुढच्याला जागा दिली.